प्रौढांची चुळबुळ

चित्त चंचल असतें हें सांगावयास वैद्य नको. परंतु तीच चंचलता मनुष्याच्या संसारास व पोटापाण्यास बाधूं लागली, म्हणजे तिला स्वभाव म्हणावें कीं व्याधि, हा प्रश्न उभा राहतो. वैद्यकानें ती व्याधि मानली असून तिला हल्लीं एडीएचडी म्हणतात. आम्ही येथें अवधानन्यूनता म्हणूं. ही व्याधि मुलांना होते व वयाबरोबर जाते, अशी समजूत दीर्घ काळ चालली. ती कशी रुजली व कशी मोडली हें पाहण्यासारखें आहे. कारण तिच्यापायीं कित्येक प्रौढांचीं आयुष्यें ‘आळशी’ या एका शेऱ्यावर निकालांत निघालीं.

मौज अशी कीं, आरंभीं ही समजूत नव्हती. १७७५ सालीं जर्मन वैद्य मेल्खिऑर आडाम वायकार्ड यानें अवधानाच्या उणिवेवर एक प्रकरण लिहिलें. त्यांतला मनुष्य सारें अर्धेंच ऐकतो, अर्धेंच ध्यानांत ठेवतो. पण तो मूलच असला पाहिजे असें वायकार्ड म्हणत नाहीं. उपाय मात्र अंधारी खोली, एकांत, थंड पाण्याचें स्नान, सिंकोना आणि घोड्यावरची रपेट! पुढें १७९८ मध्यें स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रिक्टन यानें अवधानाच्या विकारांचा विचार करतांना रोग्यांच्याच तोंडचा एक साधा शब्द नोंदविला. मराठींत त्याला ‘चुळबुळ’ हाच प्रतिशब्द शोभेल. हा विकार जन्मजात असला तर वयाबरोबर बहुधा कमी होतो, असेंही त्यानें लिहिलें. पुढच्या काळांत त्यांतला ‘बहुधा’ तेवढा गळून पडला.

१९०२ सालीं लंडनच्या जॉर्ज स्टिल यानें याच विषयाशीं निगडित व्याख्यानें दिलीं, तीं मुलांविषयीं. १९३७ मध्यें अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड संस्थानांत चार्ल्स ब्रॅडली यानें बेंझेड्रीन हें औषध डोकेदुखी थांबावी म्हणून दिलें, तेंही मुलांनाच. डोकेदुखीचें राहो, पण ३० पैकीं १४ मुलांच्या अभ्यासांत विलक्षण सुधारणा झाली, आणि मुलें त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणूं लागलीं. रोगी मुलें, औषध मुलांना, पुरावाहि शाळेंतला. मग प्रौढाकडे पाहावें कोणी? १९६८ च्या अमेरिकन मनोविकारकोशानें तर या व्याधीच्या नांवांतच ‘बालपण’ घातलें.

ही कोंडी फोडली ती १९७६ सालीं पॉल वेंडर व त्याच्या सहकाऱ्यांनीं. त्यांनीं १५ प्रौढ तपासले आणि रोग्याच्या बालपणाविषयीं त्याच्या आईबापांना विचारलें. १९८० च्या कोशांत प्रौढांस जागा मिळाली, पण ‘अवशिष्ट’ या प्रकारांत, जणूं पातेल्याच्या बुडाशीं राहिलेली खरवड!

ही आईला विचारण्याची रीत आमच्याहि वांट्यास आली. आमचें निदान झालें तेव्हां चाळिशी उलटून गेली होती. डॉक्टरांनीं मातोश्रींना बालपणाविषयीं प्रश्न केले. त्यांनीं हरवलेल्या छत्र्या, अर्धवट वह्या, परीक्षेच्या दिवशीं घरीं राहिलेलें प्रवेशपत्र, सारें क्रमानें सांगितलें. बाहेर आल्यावर जिन्यांत थांबून त्या एवढेंच म्हणाल्या, “आम्ही तुला उगीच बोललों रे.” निदानावर शंका घेणाऱ्यांचे पुष्कळ युक्तिवाद आम्हीं ऐकले आहेत, व त्यांतले कांहीं विचार करण्याजोगे आहेत, परंतु त्या वाक्याची किंमत त्यांत कोठें धरलेली नसते.

गोळ्यांनीं चित्त थारा धरतें, पण थाऱ्यावरच्या चित्तानें काय करावें हें गोळी शिकवीत नाहीं. वीस-पंचवीस वर्षें चुकलेल्या संवयी तशाच राहतात. म्हणून अमेरिकेंत स्टीव्हन सॅफ्रन यानें औषध घेणाऱ्या प्रौढांसाठींच एक मानसोपचार बसविला. २०१० सालीं ८६ रोग्यांवर त्याचा पडताळा प्रसिद्ध झाला, व नुसत्या शिथिलीकरणाच्या शिक्षणापेक्षां तो सरस ठरला. त्याची सामग्री पाहून हंसूं येईल: एक दिनदर्शिका, कामांची एकच यादी आणि घड्याळ. आपलें लक्ष किती मिनिटें टिकतें तें आधीं मोजावयाचें, आणि काम तेवढ्याच तुकड्यांत कापावयाचें. मध्येंच दुसरा विचार आला तर त्यामागें न धांवतां तो कागदावर टिपून परत कामास लागावयाचें. वायकार्डच्या अंधाऱ्या खोलीपेक्षां ही वही बरी.

हा लेख लिहितांना आमच्या वहींत असे सात विचार उतरले. त्यांतला एक गॅसच्या सिलिंडराचा होता, आणि तो खरोखरच संपला होता.