ग्लॅडिएटर : रिंगणातला हिशेब

ग्लॅडिएटर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी रसेल क्रो उभा राहतो. रिडली स्कॉटचा तो चित्रपट २००० साली आला आणि एका अख्ख्या पिढीने रोमचा इतिहास त्याच्याकडूनच शिकला म्हणा ना! वाळूचं रिंगण, हजारो लोकांचा गलका, सम्राटाचा खाली वळलेला अंगठा... दर लढतीत दोघांपैकी एक मेलाच पाहिजे, असा आपला पक्का समज. (त्या अंगठ्याचं म्हणाल तर, रोमन लेखक फक्त 'वळवलेला अंगठा' एवढंच लिहितात, वर की खाली, ते कोणीच सांगत नाही. खाली वळलेला अंगठा आपल्या डोक्यात बसला तो जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ च्या चित्रामुळे.)

हा विषय डोक्यात घोळू लागला त्याला कारण एक खेळ. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे नाव तरुण वाचकांना ठाऊक असेल. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली तो बाजारात आणला. टेबलाभोवती चार-पाचजण बसतात, समोर कागद, पेन्सिली आणि चार ते वीस बाजूंचे फासे. एकजण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात, आणि घाव बसला की हुकला ते फासे ठरवतात. आमच्या पेडण्याकडच्या दशावतारात कथानक ठरलेलं असतं, पण संवाद नट जागच्या जागी रचतो ना? इथे कथानकसुद्धा ठरलेलं नसतं. अशी एकच गोष्ट महिनोन्महिने चालली की तिला कॅम्पेन, म्हणजे मोहीम म्हणतात. या खेळांत ग्लॅडिएटर फार आधीपासून आहेत. 'डार्क सन' नावाचं १९९१ चं एक काल्पनिक जग तर गुलाम योद्ध्यांच्या रिंगणांसाठीच लक्षात राहिलेलं आहे.

माझा भाचा आणि त्याचे मित्र अशीच एक मोहीम चालवायच्या तयारीत आहेत, पण खऱ्याखुऱ्या रोममधली. इतिहासाची पुस्तकं माझ्याकडे, म्हणून फोन मला. त्याची अडचण अशी : "मामा, पहिल्याच लढतीत निम्मे मेले तर पुढच्या रविवारी खेळायचं कोणी?"

प्रश्न रास्त आहे. आणि गंमत म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी ग्लॅडिएटरांच्या मालकाला नेमका हाच प्रश्न पडत होता.

रोममधली पहिली लढत इ. स. पूर्व २६४ मधली. ब्रुटस पेरा नावाच्या सरदाराच्या अंत्यविधीत त्याच्या मुलांनी गुरांच्या बाजारात तीन जोड्या लढवल्या. मृताप्रती कर्तव्य म्हणून सुरू झालेला हा प्रकार पुढे निवडणुका, लोकप्रियता आणि सत्ता यांच्या हाती गेला, आणि मग त्यात धंदा आला. ग्लॅडिएटर पाळणाऱ्या, शिकवणाऱ्या माणसाला 'लानिस्ता' म्हणत. खेळ भरवणारा श्रीमंत त्याच्याकडून माणसं भाड्याने घेई.

हो, भाड्यानेच. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस आपल्या पाठ्यपुस्तकात विद्यार्थ्यांना एक कोडं घालतो. करार असा की, जो ग्लॅडिएटर धडधाकट परत येईल त्याच्या घामाचे २० दिनार, आणि जो मरेल किंवा जायबंदी होईल त्याचे १००० दिनार. तर हे भाडं समजायचं की विक्री? गायसचं उत्तर : परत आला त्याच्यापुरतं भाडं, मेला त्याच्यापुरती विक्री. आपण मंडपवाल्याकडून खुर्च्या आणतो, मोडली तर किंमत भरतो, तसं! सरकारी कचेरीत वीस वर्षं फायली हाताळल्यामुळे असेल, पण मला कोलोसियमच्या सगळ्या वर्णनांपेक्षा हा एक परिच्छेद जास्त अंगावर येतो. कुठे राग नाही, क्रौर्याची चव घेणं नाही. नुसता शीर्षकाचा प्रश्न : रक्कम कोणत्या खात्याला टाकायची?

आता हिशेब करून बघा. हरलेल्याला मारा म्हणून प्रेक्षक ओरडले आणि यजमानाने मान डोलावली, तर त्याला पन्नासपट पैसे मोजावे लागत. म्हणून दया स्वस्त होती. जॉर्ज व्हिल या फ्रेंच इतिहासकाराने पहिल्या शतकातल्या शंभर लढतींच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या दोनशे लढवय्यांपैकी मेले १९. म्हणजे हरलेल्या पाचांतला साधारण एक. पॉम्पेईच्या भिंतीवर कोणा रसिकाने खरडून ठेवलंय की मार्कुस अटिलियस नावाच्या नवख्याने रेकियस फेलिक्सला हरवलं. फेलिक्सच्या खात्यावर तोवर १२ लढती आणि १२ विजय होते. आणि हरल्यावर? त्याला सोडून दिलं. बारा वेळा जिंकलेलं भांडवल कोण मातीत घालेल!

सिसिलीत फ्लामा नावाच्या सिरियन ग्लॅडिएटरचा थडग्याचा दगड सापडलाय. वय ३०. लढती ३४, विजय २१, बरोबरी ९, 'सोडून दिलं' ४. (बेरीज जुळते, मी करून बघितली.) इंटरनेटवर याची एक रोमांचक कथा फिरते की फ्लामाला चार वेळा मुक्ती देऊ केली आणि चारही वेळा त्याने ती नाकारली. कथा छान आहे, पण दगडावर तसं काही नाही. ते चार म्हणजे चार पराभव. चार वेळा तो हरला, चारही वेळा जिवंत परतला.

तर भाच्याला माझं पहिलं सांगणं हे की, हरणं म्हणजे मरणं नव्हे. हरलेल्या पात्राला जखम द्या, किंमत उतरवा, मालकाच्या नजरेतून पाडा. मग वैद्य येईल. इ. स. १५७ च्या सुमारास पर्गामममध्ये ग्लॅडिएटरांचा वैद्य म्हणून कोण होता ठाऊक आहे? साक्षात गेलेन, पुढे दीड हजार वर्षं युरोपने ज्याचं वैद्यक मानलं तो. आपल्या हातून फार थोडे दगावले याचा त्याला अभिमान होता. एफेससला १९९३ साली ग्लॅडिएटरांची दफनभूमी सापडली. तिथल्या हाडांवर नीट भरून आलेल्या जखमा आहेत. त्याच हाडांवरून २०१४ साली असंही दिसलं की यांचं जेवण मुख्यतः धान्य आणि कडधान्यांचं होतं. रोमन लोक त्यांना चिडवून 'जवखाऊ' म्हणत ते काही उगाच नाही. चित्रपटातले पिळदार देह विसरा, अंगावर चांगली चरबी असलेले गडी होते हे!

आपल्याकडच्या धिरयोतही बैलाने पाठ फिरवली की झुंज संपली. मालक त्याला पुन्हा खाऊपिऊ घाली. न्यायालयाने १९९० च्या दशकात धिरयोवर बंदी घातली, पण ज्यांनी त्या पाहिल्यात त्यांना त्या मालकाचं बैलावरचं प्रेम आणि त्या प्रेमाची जात, दोन्ही कळेल.

मात्र हे सगळं ज्यांची किंमत होती त्यांच्यापुरतं. दुपारच्या वेळी रिंगणात गुन्हेगारांना आणून एकमेकांकडून मारवत. ना ढाल, ना शिरस्त्राण. सेनेका हे बघून उद्विग्न झाला आणि त्याने तसं पत्रात लिहून ठेवलं. 'मरायला निघालेले तुला वंदन करतात' हे प्रसिद्ध वाक्यसुद्धा ग्लॅडिएटरांचं नव्हेच. इ. स. ५२ मध्ये फुकिनो सरोवरावरच्या लुटुपुटीच्या नौकायुद्धासाठी आणलेल्या कैद्यांनी ते सम्राट क्लॉडियसपुढे उच्चारलं. त्यांच्यावर कोणी १००० दिनार लावलेले नव्हते. मोहिमेत हा फरक आलाच पाहिजे. पात्रांना रात्री झोप उडवणारी भीती तलवारीची नको, आपली किंमत शून्य होण्याची हवी.

दुसरं सांगणं जरा अवघड आहे. या प्रकारच्या खेळांत खेळाडू एका बाजूला असतात आणि राक्षस, चोर, राजे दुसऱ्या बाजूला. ग्लॅडिएटरांचं तसं नव्हतं. एका लानिस्ताच्या तांड्याला लॅटिनमध्ये 'फामिलिया', कुटुंब म्हणत, आणि जोड्या पुष्कळदा त्याच कुटुंबातून लावल्या जात. एकत्र जवाची पेज पिणारे दोघे उद्या समोरासमोर. फ्लामाचा तो दगड कोणी उभारला? डेलिकाटस नावाच्या त्याच्या शस्त्रबंधूने. म्हणून मोहिमेत कधी ना कधी टेबलावरच्या दोन मित्रांची पात्रं एकमेकांवर सोडावी लागणार. ते टाळलं तर उरतो तो फक्त मारामारीचा खेळ. तोही मजेचाच, पण मग रोमचं नाव कशाला? आणि हे असह्य झालं की काय होतं तेही इतिहासात आहेच. इ. स. पूर्व ७३ मध्ये कापुआच्या शाळेतून सत्तरेक जण स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घेऊन पळाले. त्यांत स्पार्टाकस होता.

दया करणाऱ्याचं काय? मिलानला उर्बिकस नावाच्या ग्लॅडिएटरचं थडगं आहे. वय २२, लढती १३. मागे बायको लौरिकिया आणि दोन मुली. दगडावर बजावलंय की ज्याला हरवाल त्याला मारून टाका. बहुधा ज्याला त्याने कधीतरी जिवंत सोडलं, त्यानेच पुढे त्याचा घात केला.

आणि सूत्रधारासाठी एक शेवटची गोष्ट. या लढतींना पंच असत, हातात छडी घेऊन उभे. काळ्या समुद्राकाठच्या अमिसस गावी डिओडोरस नावाचा ग्लॅडिएटर मेला. त्याचा दगड सांगतो की त्याने डिमेट्रियसला पाडलं होतं, पण लगेच मारलं नाही. नशीब आणि मुख्य पंचाचा कपटीपणा यांनी त्याचा जीव घेतला. मायकल कार्टर या अभ्यासकाच्या मते पंचाने डिमेट्रियस नुसता घसरून पडला असं ठरवलं, त्याला उठू दिलं, लढत पुन्हा सुरू केली आणि डिओडोरस हरला. टेबलावर हा पंच म्हणजे सूत्रधारच. तो दगड आता ब्रसेल्सच्या संग्रहालयात आहे. त्यावर डिओडोरस दोन्ही हातांत तलवारी घेऊन उभा कोरलाय, आणि त्याच्यापुढे डिमेट्रियस अजून जमिनीवरच आहे.