कागदावरचं गावभवन

आज इतिहासाच्या गप्पा मारता मारता आपण एक इमारत बांधणार आहोत. विटा-सिमेंट लागणार नाही, कागद-पेन्सिल पुरे. ही इमारत म्हणजे आपल्या मनातलं गावभवन. तिथे ग्रामसभा भरेल, बचत गट बसेल आणि कुठल्याही बाईला दाराशी घुटमळावं लागणार नाही.

चार ठिकाणचं चांगलं उचलून बांधायचं, यात कमीपणा नाही. मुंबईचं मोठं पोस्ट ऑफिस १९१३ साली पुरं झालं. त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला आहे. गोलघुमट म्हणजे सतराव्या शतकातल्या आदिलशाही सुलतानाची कबर. तिचं रूप पत्रं आणि मनीऑर्डरींच्या कचेरीला दिलं. रूप घेतलं, काम बदललं. आपणही तसंच करू.

आधी वाड्याकडे जाऊ. जुन्या वाड्यांना मधे मोकळा चौक असे आणि चहूबाजूंनी ओसरी. चौकातून उजेड यायचा, हवा खेळायची, उन्हाळ्यातही आत गारवा राहायचा. पण कोणी कुठे बसायचं हेही वाडाच ठरवायचा. कारभार चाले पुढच्या सदरेवर, पुरुषांमध्ये. बायका मागे माजघरात आणि चुलीपाशी. सदरेवरचा निर्णय त्यांच्या कानी यायचा तो झाल्यानंतर. म्हणून आपण चौक घेऊ, ओसरी घेऊ, पण सदर आणि माजघर यांच्यामधली भिंत घेणार नाही.

आता जाळी. जयपूरचा हवामहल १७९९ सालचा. त्याच्या जाळीदार खिडक्यांतून झुळूक आत येते. पण त्या केल्या होत्या राजघराण्यातल्या बायकांनी रस्त्यावरची मिरवणूक पाहावी आणि त्या मात्र कोणाला दिसू नयेत, यासाठी. पुढे केरळात लॉरी बेकर यांनी साध्या विटांमध्ये फटी सोडून जाळीच्या भिंती उभारल्या. वारा-उजेड मिळाला, खिडक्यांच्या चौकटींचा खर्चही वाचला. आपल्याला बेकरांची जाळी हवी. पडद्यासाठी नको, वाऱ्यासाठी हवी.

तिसरी इमारत पुण्याची मंडई. १८८६ साली ती उघडली तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. मधे उंच अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून चहूकडे गेलेल्या लांब पडव्या. दिसायला देखणी. पण नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे याच मंडईला महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. तिच्याकडून आपण मनोरा घेणार नाही. पैसा आधी कशावर घालायचा, हा जोतीरावांचा प्रश्न तेवढा घेऊ.

आपल्या गावभवनात पहिला खर्च पाण्याचा आणि आतून कडी लागणाऱ्या संडासाचा. मग म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठी पायऱ्यांशेजारी उतार. मग लेकरांना निजवायला ओसरीचा एक कोपरा. कमान आणि रंगरंगोटी सगळ्यात शेवटी.

हे का सांगतो आम्ही? १९९३ साली घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत बायकांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. कायद्याने खुर्ची दिली. पण तीन तासांच्या सभेत जायला संडासच नसेल, तर बाई मधेच उठून घरी जाते आणि ठराव तिच्या माघारी होतो.

तेव्हा पुढच्या बैठकीत फरशीवर खडूने आपलं गावभवन आखा. चौक कुठे, दार कुठे, संडास कुठे, आणि सरपंचाच्या शेजारी कोण बसणार, सगळं ठरवा. गावात नव्या पंचायत कार्यालयाचं काम निघालं, तर त्याचा आराखडा ग्रामसभेत मागून घ्या आणि आपल्या आखणीशी ताडून पाहा. खडूची रेघ पुसता येते, एकदा उभी राहिलेली भिंत हलवता येत नाही.