हॅन्किनच्या बाटलीत बेतवा

भोपाळच्या तलावांचं पाणी शेवटी बेतवेला मिळतं. मोठ्या तलावाचं भदभद्याच्या दरवाजांतून कलियासोतमार्गे, धाकट्याचं पात्रा नाला, हलाली नदी असं वळसे घेत. बेतवा हमीरपूरजवळ यमुनेत उतरते, यमुना प्रयागला गंगेत. नकाशावर एवढं बोट फिरवलं आणि जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंच्या, म्हणजे बॅक्टेरिओफेजच्या, कुळकथेत भोपाळचा चंचुप्रवेश झाला!

अर्नेस्ट हॅन्किन हे आग्र्याचे सरकारी रसायन-परीक्षक. १८९६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी लिहिलं की यमुना-गंगेच्या कच्च्या पाण्यात पटकीचे जिवाणू मरतात, उकळलेल्या पाण्यात मात्र खुशाल वाढतात. आग्रा पडलं हमीरपूरच्या वरच्या अंगाला, त्यामुळे तिथल्या नमुन्यावर आमचा हक्क नाही. पण हॅन्किननी काशीचं पाणीही तपासल्याचं मार्क ट्वेननं १८९७ च्या प्रवासवर्णनात नोंदवलंय. आणि काशीच्या गंगेत बेतवा असतेच.

आता खरा तंटा. हॅन्किन म्हणजे फेज पाहणारा पहिला माणूस, हे कितीतरी लेखांत डोळे झाकून छापलं जातं. २०११ मध्ये स्टीफन अबेडन आणि सहकाऱ्यांनी मूळ फ्रेंच लेख उलगडून त्यावर हरकत घेतली. उघड्यावर तापवलेल्या पाण्याचा गुण गेला, हवाबंद नळीत तापवलेल्याचा टिकला. म्हणून हे एखादं उडून जाणारं द्रव्य असावं, असा हॅन्किनचाच तर्क होता. फेजचं कवच प्रथिनांचं. उकळत्या तापमानात ते झाकण लावलं म्हणून वाचत नाही. हरकत बिनतोड आहे.

तरी माझं घोडं मी पुढे दामटतो. जिथे पटकी, तिथल्या पाण्यात तिचे फेज सापडतात. काशीच्या बाटलीत ते असणारच. हॅन्किननी सिद्ध केलं ते बहुधा दुसरंच काही, पण बाटलीत पाहुणा होता.

तो ओळखायला एक साधी युक्ती पुरली असती. जिवाणू मेलेल्या पाण्याचा थेंब ताज्या जिवाणूंत घालायचा, त्यातला पुन्हा पुढच्यात. रसायन असेल तर विरळ होत संपतं. विषाणू असेल तर दर खेपेला वाढतो. ट्वॉर्टनी १९१५ मध्ये या वाटेवर पाऊल टाकलं, देरेल यांनी १९१७ मध्ये आमांशाच्या जिवाणूंवर हेच करून फेजला नाव दिलं. बशीतल्या अगारवर जिवाणूंचा दुधट थर चढतो आणि त्यात सुईनं टोचल्यासारखे स्वच्छ गोल पडतात. एकेक गोल म्हणजे एकेका फेजची प्रजा.

पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शेपट्या दिसल्या आणि शेपटीवरून कुळं ठरली: आखडणारी ती मायोव्हिरिडी, लांब लवचीक ती सायफोव्हिरिडी, आखूड ती पोडोव्हिरिडी. जनुकं वाचल्यावर शेपटीचं साम्य म्हणजे रक्ताचं नातं नव्हे हे कळलं. २०२२ मध्ये विषाणू-वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय समितीनं तिन्ही कुळं मोडीत काढली. प्रयोगशाळांत मात्र अजून "हा मायो, तो पोडो" चालूच असतं.