सॉफ्टवेअर अपडेट झालं, मग तुमच्या जुन्या सेटिंग्जचं काय होतं?

संगणक अपडेट केला, पुन्हा सुरू केला आणि मराठी कीबोर्ड गायब! अक्षरं पुन्हा बारीक, पडद्यावरचं चित्रही बदललेलं. फाइल्स सगळ्या जागच्या जागी असतात, तरी संगणक दुसऱ्याचा वाटायला लागतो.

शहरात असाल तर कुणाला तरी विचारून दहा मिनिटांत हे दुरुस्त करता येईल. पण पालघर जिल्ह्यातल्या जव्हार किंवा मोखाडा तालुक्याचा विचार करा. तिथल्या अनेक पाड्यांवर मोबाइलची रेंजही धड मिळत नाही. तिथल्या शाळेत असं झालं, तर जाणकार माणूस येईपर्यंत मुलांचं मराठी टायपिंग थांबू शकतं. म्हणूनच सेटिंग्ज जुन्या व्यवस्थेतून नव्या व्यवस्थेत कशा जातात, हे समजून घेऊया.

सेटिंग्ज राहतात कुठे?

तुम्ही निवडलेली भाषा, अक्षरांचा आकार, कीबोर्ड या सगळ्याची नोंद ॲपला कुठेतरी ठेवावी लागते. विंडोजमध्ये पूर्वी यासाठी छोट्या मजकूर फाइल्स असायच्या. विंडोज ९५ पासून 'रजिस्ट्री' नावाची एकत्र नोंदवही रुळली.

लिनक्सवरच्या 'ग्नोम' या डेस्कटॉपवर हे काम 'जीकॉन्फ' करायचं. २००२ मध्ये आलेल्या ग्नोम २ च्या काळात बहुतेक ॲप्स तेच वापरत होती. जीकॉन्फ प्रत्येक विभागाच्या सेटिंग्ज वेगवेगळ्या फोल्डरमध्ये, छोट्या छोट्या एक्सएमएल फाइल्समध्ये ठेवायचं. लॉगिन करताना अशा ढीगभर फाइल्स उघडून वाचाव्या लागत आणि त्यात वेळ जाई.

नवी व्यवस्था काय आहे?

सप्टेंबर २०१० मध्ये ग्नोमच्या 'जीलिब' या पायाभूत लायब्ररीत 'जीसेटिंग्ज' आलं. एप्रिल २०११ मधल्या ग्नोम ३ पासून ॲप्स तिकडे वळू लागली. 'जीएडिट' हा मजकूर संपादक त्यातलाच एक.

यात दोन भाग आहेत. ॲप बोलतं ते जीसेटिंग्जशी. लिनक्सवर प्रत्यक्ष नोंद ठेवतं ते 'डीकॉन्फ'. डीकॉन्फ तुमच्या सगळ्या सेटिंग्ज एकाच फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे वाचन झटपट होतं.

जीसेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपला 'स्कीमा' द्यावाच लागतो. स्कीमा म्हणजे नियमांचा तक्ता. कोणती सेटिंग आहे, तिथे आकडा चालेल की मजकूर, आणि तुम्ही काहीच निवडलं नाही तर काय धरायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. हा तक्ता सापडलाच नाही, तर ॲप सुरू न होता बंद पडतं.

स्थलांतर कसं होतं?

घर बदलताना सामानाची यादी करतो, तशीच यादी इथेही लागते. ॲपचे प्रोग्रामर एका फाइलमध्ये जुन्या सेटिंगचा पत्ता आणि नव्या सेटिंगचं नाव अशा जोड्या लिहितात. लॉगिन केल्यावर एक छोटा प्रोग्राम ही यादी वाचतो आणि जुनी मूल्यं नव्या जागी लिहितो.

यात तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत.

१. फक्त तुम्ही स्वतः बदललेल्या सेटिंग्ज उचलल्या जातात. ज्यांना तुम्ही हात लावला नव्हता, तिथे नव्या आवृत्तीचं मूळ मूल्य लागू होतं.

२. हे काम एकदाच होतं. झाल्याची नोंद ठेवली जाते. नाहीतर दर लॉगिनला जुनं मूल्य येऊन तुमचा नवा बदल पुसून टाकेल.

३. जुन्या फाइल्स पुसल्या जात नाहीत. स्थलांतर फसलं तरी मूळ नोंदी शाबूत राहतात.

मग गडबड कुठे होते?

पहिली अडचण यादीतच असते. प्रोग्रामर एखादी सेटिंग लिहायला विसरला, तर ती मागेच राहते. दुसरी अडचण मधल्या आवृत्त्या वगळल्यामुळे येते. बरीच वर्षं बंद असलेल्या संगणकावर एकदम आजची आवृत्ती टाकली, तर त्यात जीकॉन्फ आणि स्थलांतराचा प्रोग्राम नसण्याचीच शक्यता जास्त. जुन्या नोंदी डिस्कवर असतात, पण त्या वाचणारं कुणी उरत नाही.

मराठी टायपिंगचा इथे थेट संबंध आहे. मराठी कीबोर्ड पुरवणाऱ्या 'आयबस' प्रणालीनेही आपल्या सेटिंग्ज जीकॉन्फमधून डीकॉन्फकडे नेल्या. २०१२ मधल्या ग्नोम ३.६ पासून कीबोर्डची निवड ग्नोमच्या मुख्य सेटिंग्जमध्येच होऊ लागली. म्हणून जुन्या मशीनवरून मोठी उडी मारल्यावर मराठी दिसत नसेल, तर ते बहुतेक वेळा पुन्हा यादीत जोडावं लागतं. त्यासाठी संगणक फॉरमॅट करायची गरज नाही.

तुम्ही काय करू शकता?

अपडेटआधी संपूर्ण होम फोल्डरची प्रत घ्या. नुसते डॉक्युमेंट्स घेऊन भागत नाही, कारण सेटिंग्जच्या फोल्डर्सची नावं टिंबाने सुरू होतात आणि ती एरवी लपलेली असतात. फाइल्सच्या खिडकीत कंट्रोल आणि एच एकत्र दाबलं की ती दिसतात. डीकॉन्फच्या 'डम्प' या आज्ञेने तुमचे सगळे बदल एका मजकूर फाइलमध्ये काढता येतात आणि 'लोड'ने परत भरता येतात.

शाळेच्या संगणक कक्षासाठी आणखी एक सोय आहे. डीकॉन्फमध्ये पूर्ण मशीनसाठी मूळ सेटिंग ठरवता येते, हवं तर तिला कुलूपही लावता येतं. मराठी कीबोर्ड असा ठरवून दिला, तर नव्याने खातं उघडणाऱ्या मुलालाही तो पहिल्या दिवसापासून मिळतो. त्या फाइल्स पेन ड्राइव्हवर नेऊन प्रत्येक मशीनवर टाकल्या आणि तिथे डीकॉन्फची 'अपडेट' आज्ञा दिली की झालं. यासाठी इंटरनेट लागत नाही.