संगणकीय मजकुरासाठीचे एचटीएमएल टॅग

संगणकीय मजकुरासाठीचे एचटीएमएल टॅग म्हणजे वेबपृष्ठावरील आज्ञावलीचा भाग, संगणकाला द्यावयाची आज्ञा किंवा संगणकाने दिलेले उत्तर सर्वसाधारण गद्यापासून वेगळे ओळखता यावे, यासाठी वापरले जाणारे टॅग होत. 'कोड', 'प्री', 'केबीडी', 'सॅम्प' आणि 'व्हार' हे त्यांपैकी प्रमुख आहेत. प्रत्यक्षात त्यांची नावे रोमन लिपीत लिहिली जातात. येथे ती उच्चारानुसार दिली आहेत. मजकूर कसा दिसावा यापेक्षा तो काय आहे हे सांगणाऱ्या टॅगांना अर्थवाही टॅग म्हणतात.

इतिहास

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत एचटीएमएलची रचना केली. नोव्हेंबर १९९५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० या प्रमाणकात वरील पाचही टॅग होते. त्याच प्रमाणकात 'टीटी' हा टॅगही होता. तो मजकूर टंकलेखनासारख्या समान रुंदीच्या अक्षरांत दाखवावा एवढेच सांगत असे. अर्थ सांगत नसे. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल ५मध्ये 'टीटी' कालबाह्य ठरला. अर्थवाही टॅग मात्र टिकून राहिले.

टॅगांचे कार्य

• कोड : आज्ञावलीचा तुकडा, फाइलचे नाव किंवा टॅगचे नाव वाक्याच्या ओघात दाखवण्यासाठी.
• प्री : मजकुरातील मोकळ्या जागा आणि ओळींची मांडणी जशीच्या तशी राखण्यासाठी.
• केबीडी : वापरकर्त्याने कळफलकावरून किंवा अन्य मार्गाने द्यावयाच्या आज्ञेसाठी.
• सॅम्प : संगणकाने दिलेल्या उत्तरासाठी, उदाहरणार्थ त्रुटीचा संदेश.
• व्हार : आज्ञावलीतील अथवा गणितातील चलासाठी.

एचटीएमएलमध्ये लागोपाठच्या अनेक मोकळ्या जागा एरवी एकच म्हणून दाखवल्या जातात. पायथन भाषेत ओळीच्या आरंभीच्या मोकळ्या जागेलाच अर्थ असल्याने ती नाहीशी झाल्यास आज्ञावली चालत नाही. म्हणून अनेक ओळींच्या आज्ञावलीसाठी 'प्री'च्या आत 'कोड' असा दुहेरी वापर करतात. 'प्री' मांडणी राखतो, तर 'कोड' अर्थ सांगतो.

उपयोगिता

केवळ रंग किंवा अक्षराचा आकार बदलून दाखवलेला भेद डोळस वाचकालाच कळतो. टॅगमुळे तो भेद पृष्ठाच्या रचनेत नोंदला जातो, म्हणून अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरलाही तो उपलब्ध होऊ शकतो. अर्थात सर्वच स्क्रीन रीडर तो आपोआप उच्चारून दाखवत नाहीत.

दुसरा लाभ अवतरणचिन्हांच्या बाबतीत होतो. वर्डप्रेससारख्या प्रणाली लेखातील सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे करतात. 'कोड' आणि 'प्री' यांच्या आतील मजकूर मात्र त्या तसाच ठेवतात. वळणदार चिन्हे आलेली आज्ञावली नकलून घेणाऱ्या विद्यार्थ्याला त्रुटीचा संदेश मिळतो आणि स्वतःची चूक नसताना तो ती शोधत बसतो.

देवनागरीतील अडचणी

न्याहाळक 'कोड' आणि 'प्री' यांतील मजकूर सामान्यतः समान रुंदीच्या टंकात दाखवतात. ही कल्पना रोमन लिपीला सोयीची आहे. देवनागरीत काना, मात्रा व जोडाक्षरे यांमुळे ती पुरती लागू पडत नाही. बीड जिल्ह्यातील अकरा तालुक्यांची नावे स्तंभात छापणारी आज्ञावली हे याचे सोपे उदाहरण होय. युनिकोडनुसार 'बीड' या नावात तीन, 'धारूर'मध्ये पाच आणि 'अंबाजोगाई'मध्ये नऊ चिन्हे आहेत. डोळ्यांना मात्र अनुक्रमे दोन, तीन आणि पाच अक्षरे दिसतात. चिन्हे मोजून मोकळ्या जागा भरल्यास स्तंभ वाकडे दिसतात. अशी माहिती 'प्री'मध्ये न मांडता एचटीएमएलच्या सारणीत मांडणे योग्य ठरते.

मराठी पृष्ठाचे यांत्रिक भाषांतर होताना आज्ञावलीतील शब्दही भाषांतरित होण्याचा संभव असतो. ते टाळण्यासाठी 'ट्रान्सलेट' या गुणधर्माला 'नो' हे मूल्य देण्याची सोय एचटीएमएलमध्ये आहे.

मर्यादा

'कोड' टॅगच्या आत लिहिलेले एचटीएमएल न्याहाळक आपोआप निष्क्रिय करत नाही. '<' हे चिन्ह जसेच्या तसे लिहिल्यास त्यापुढील मजकूर टॅग समजला जाऊन पृष्ठावरून नाहीसा होऊ शकतो. म्हणून त्याऐवजी '&' हे चिन्ह, रोमन 'एल' व 'टी' ही अक्षरे आणि शेवटी अर्धविराम असा संकेत लिहितात. वाचकांनी पाठवलेला मजकूर दाखवणाऱ्या संकेतस्थळांनी हे रूपांतर न केल्यास घातक आज्ञावली इतर वाचकांच्या न्याहाळकात चालण्याचा धोका असतो.

आज्ञावली कोणत्या भाषेतील आहे हे सांगणारा स्वतंत्र गुणधर्म एचटीएमएलमध्ये नाही. त्यासाठी 'क्लास' या गुणधर्मात 'लँग्वेज' या शब्दापुढे भाषेचे नाव जोडण्याची प्रथा रूढ आहे.

हेही पहा

• एचटीएमएल
• युनिकोड
• देवनागरी