लशीचे आयुष्य

लस शोधणे आणि ती टिकविणे ही दोन स्वतंत्र कार्ये आहेत. गौलीगुड्यातील या स्मृतिव्याख्यानात मला दुसऱ्या, काहीशा उपेक्षित कार्याविषयी बोलावयाचे आहे.

एडवर्ड जेन्नर यांनी १७९८ मध्ये देवीवरील लशीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला; परंतु लांबच्या प्रवासात उष्णतेने लशीचे सत्त्व नष्ट होई. बगदाद, बसरा या मार्गाने ती मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजी टोचलेली तीन वर्षांची ॲना डस्थॉल ही भारतातील पहिली यशस्वी लसवंत ठरली. तिच्या फोडातील द्रवातून लस दंडावरून दंडावर पुढे गेली. मुलांचे दंड हीच तेव्हा लशीची कुपी होती! या रीतीने इतर रोगही संक्रमित होत.

१८९१ मध्ये कोपमन यांनी दाखविले, की ग्लिसरीनमध्ये लशीतील जिवाणू हळूहळू मरतात, विषाणू मात्र तग धरतो. तथापि आपल्या उन्हाळ्यापुढे हा द्रवही दुबळा ठरला. अखेर गोठवून सुकविलेल्या लशीने देवीचे उच्चाटन साधले.

द्रवरूप लशींचा प्रश्न मात्र राहिलाच. तोंडावाटे द्यावयाच्या पोलिओ लशीस मॅग्नेशियम क्लोराइडने स्थैर्य दिले. हैदराबादेत तयार होणारी, बालकांच्या अतिसारावरील ‘रोटाव्हॅक’ आरंभी उणे २० अंश सेल्सिअसवर साठवावी लागे; तिचे नंतरचे ‘५डी’ हे द्रवरूप २ ते ८ अंशांवर टिकते. म्हणजे इतर लशींच्या शीतकपाटातच तिलाही जागा मिळते.

बालकाच्या ओठांपर्यंत लस सत्त्वासह पोहोचत नाही, तोवर शोध अपुराच, असे मी मानतो.