शेवंडीच्या कवचापासून आईच्या गुडघ्यापर्यंत

आजचा एपिसोड आईच्या एका मेसेजमुळे सुचला. मागच्या महिन्यात तिने मला गोळ्यांच्या डबीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "शेजारच्या काकूंना खूप फरक पडलाय गं. मागवू का? तुझ्या नेटवर जरा बघून सांग."

साठ गोळ्या, रोज दोन, किंमत चौदाशे रुपये. डबीवर दोन नावं होती, ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन. आणि मोठ्या अक्षरांत: सांध्यांच्या आरोग्यासाठी.

वर्षाचे होतात सोळा हजार आठशे. पण खरं सांगू का, पैशांपेक्षा मला दुसरीच काळजी होती. आई हल्ली दुसऱ्या मजल्यावर येताना मधेच कठडा धरून थांबते. तिला उगाच आशा लावायची नव्हती आणि पुरावा न बघता नाहीही म्हणायचं नव्हतं. मग चार रात्री बसून वाचलं. निघालं काय, तर जवळपास दीडशे वर्षांचा इतिहास!

गोष्ट सुरू होते 1876 साली. गेओर्ग लेडरहोझ नावाचा तरुण संशोधक शेवंडीच्या, म्हणजे लॉबस्टरच्या, कवचावर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाची प्रक्रिया करत होता. त्यातून त्याला एक नवा पदार्थ मिळाला, तोच ग्लुकोसामाइन. त्याची रेणूरचना पूर्ण उलगडायला 1939 साल उजाडलं आणि ते काम केलं वॉल्टर हॉवर्थ यांनी. गुडघ्याचा विषय तेव्हा कुठेच नव्हता.

गुडघा आला तो एका सोप्या तर्कातून. हाडांच्या टोकांवर कूर्चेची गादी असते. ती बनवायला शरीर ग्लुकोसामाइन वापरतं. वयानुसार गादी झिजते, मग कच्चा माल बाहेरून द्या की! ऐकायला एकदम पटतं. पण बघा, भिंत पडली म्हणून अंगणात विटांचा ट्रक ओतला तर भिंत आपोआप उभी राहते का? शिवाय शरीर ग्लुकोसामाइन स्वतःच तयार करतं. कच्चा माल कमी पडतोय, हेच आधी सिद्ध करायला हवं होतं.

युरोपात काही देशांत ग्लुकोसामाइन सल्फेट औषध म्हणून विकलं जात होतं. अमेरिकेत मात्र 1994 साली सप्लिमेंटचा नवा कायदा आला. या वस्तू अन्नाच्या गटात गेल्या. उपयोग होतो हे विक्रीआधी सरकारपुढे सिद्ध करायची गरज नाही. अट एवढीच, की आजार बरा होतो असं म्हणायचं नाही. म्हणून डब्यांवर 'संधिवात बरा करते' असं नसतं. 'सांध्यांना आधार देते' असं असतं. मग 1997 मध्ये जेसन थिओडोसाकिस या डॉक्टरांचं 'द आर्थ्रायटिस क्युअर' हे पुस्तक आलं, तुफान खपलं आणि ही जोडी घराघरांत पोचली.

2001 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास छापून आला. 212 रुग्ण, तीन वर्षं. ग्लुकोसामाइन घेणाऱ्यांच्या गुडघ्यातली फट कमी अरुंद झाली, असं एक्स-रेमध्ये दिसलं. जबरदस्त बातमी! फक्त खर्च गोळी बनवणाऱ्या कंपनीचा होता. त्यामुळे निकाल लगेच खोटा ठरत नाही, पण दुसऱ्या कुणीतरी तपासायला हवा, एवढं नक्की.

ते काम अमेरिकन सरकारच्या पैशातून झालं. गेट नावाची ही चाचणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. गुडघ्याची झीज असलेले 1583 रुग्ण, 24 आठवडे, पाच गट. एकाला ग्लुकोसामाइन, एकाला कॉन्ड्रॉइटिन, एकाला दोन्ही, एकाला सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक आणि पाचव्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी. कुणाला काय मिळतंय ते रुग्णालाही माहीत नाही. आपण ॲपमध्ये ए-बी टेस्ट करतो ना, अगदी तसंच.

आता आकडे नीट ऐका. वेदना किमान 20 टक्क्यांनी कमी झाली अशांचं प्रमाण: दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत 66.6 टक्के. वा! सेलेकॉक्सिब, 70.1 टक्के. आणि प्लासिबो? 60.1 टक्के.

म्हणजे ज्यांच्या गोळीत काहीच नव्हतं, त्यांतल्याही दर दहा जणांपैकी सहांना बरं वाटलं! सेलेकॉक्सिबचा फरक खरा ठरला. जोडगोळीचा फरक एवढा लहान होता, की तो निव्वळ योगायोगाने आलेला असू शकतो.

जास्त वेदना असलेल्या 354 जणांच्या छोट्या गटात मात्र जोडगोळीला 79.2 आणि प्लासिबोला 54.3 टक्के मिळाले. जाहिरातवाल्यांना असाच आकडा हवा असतो. पण मोठ्या डेटाचे तुकडे करत गेलं, की एखादा तुकडा चमकतोच. पुढे 2010 मध्ये 'बीएमजे'ने 10 चाचण्यांमधल्या 3803 रुग्णांचा एकत्रित हिशोब छापला. रुग्णाला जाणवेल असा फायदा त्यात निघाला नाही. 2019 मध्ये अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने गुडघ्याच्या झिजेसाठी ग्लुकोसामाइन घेऊ नका, असं ठामपणे सांगितलं. व्यायामाची शिफारस मात्र तितक्याच ठामपणे केली. युरोपातले काही तज्ज्ञ आजही औषधी दर्जाच्या ग्लुकोसामाइन सल्फेटच्या बाजूने आहेत, हेही सांगायला हवं. पण आईची डबी त्या दर्जाची नव्हतीच.

मी आईला फोन केला. सगळं ऐकून तिने विचारलं, "मग काकूंना बरं वाटलं ते खोटं का?"

नाही, खोटं नाही! पण दुखणं कमी-जास्त होत असतं. आपण गोळी सुरू करतो ती दुखणं सर्वात जास्त असताना. त्यानंतर ते थोडं उतरतंच, आणि श्रेय गोळीला जातं. त्यात आशेचाही भाग असतो. काकूंचा अनुभव खरा आहे, पण गोळी घेतली नसती तर काय झालं असतं, हे त्या एकट्या अनुभवातून कळत नाही.

तर मंडळी, घरी अशी डबी आली तर एवढं बघा. तुलना कशाशी केली? अभ्यासाचा खर्च कुणी केला? फरक जाणवण्याइतका आहे का? डबीवरचा एफएसएसएआयचा परवाना अन्नपदार्थाचा असतो, गुडघा बरा होण्याची हमी नव्हे. गोळी कशापासून बनली तेही वाचा, कारण ग्लुकोसामाइन बरेचदा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. शाकाहारी असाल किंवा त्याची ॲलर्जी असेल, तर हे महत्त्वाचं. आणि रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

आईने डबी मागवली नाही. त्या पैशांतून फिजिओथेरपिस्टकडे जाऊन व्यायाम शिकून आली. दुखणं गेलेलं नाही, पण रोज सकाळी खुर्चीत बसून पाय सरळ करत मोजत असते. परवा मला म्हणाली, "काकूंना यातलं काही सांगू नकोस हं. त्यांना बरं वाटतंय ना, वाटू दे."

यावर काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही. तुम्ही असता तर काकूंना सांगितलं असतं का? नक्की कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!